धक्का मारण्यापूर्वी



१ जून १९४८ रोजी पहिली एसटी पुणे-नगर मार्गावर धावली. तेव्हापासून मोटार आपल्या ओळखीची झाली, आणि ती अडली की खाली उतरून धक्का मारण्याची सवयही लागली. २०२४ साली नगरचे अहिल्यानगर झाले, पण ही सवय काही गेली नाही. आज तिच्याविषयीच बोलायचे आहे.

गोष्ट २०१२ च्या जानेवारीतली. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावी मी गेलो होतो. मध्यरात्र उलटली होती, थंडी मी म्हणत होती, आणि शेजारच्या सुनेला कळा सुरू झाल्या. जीप दारातच होती. तिला आत बसवले, किल्ली फिरवली, तर नुसते कट्‌कट्! संध्याकाळपासून दिवे चालूच राहिले होते. मग काय, दहाजण धावले. वाट चढाची, गाडीला वेग येईना. आत पोर विव्हळतेय आणि आम्ही आपले ढकलतोय!

तेवढ्यात आप्पा आले. सैन्यातून निवृत्त झालेले, नगरच्या लष्करी केंद्रात रणगाडा चालवायला शिकलेले. म्हणाले, "अरे, थांबा! आधी तिला घरात निजवा. अन् माझा ट्रॅक्टर आणा."

पाव तासात जीप सुरू झाली. उजाडताना मुलगी झाली. मायलेकी सुखरूप.

आप्पांनी केले काय? जादू नव्हे. बॅटरी म्हणजे विजेची कणगी. तिच्यात सहा कप्पे, प्रत्येकी सुमारे दोन व्होल्टचे, मिळून बारा. इंजिन फिरते तेव्हा कणगी भरते, बंद असताना दिवे जळाले की रिकामी होते. थंडीत तिची ताकद आणखी घटते. दिवे मंद आणि किल्ली फिरवल्यावर कट्‌कट् आवाज, ही कणगी रिकामी झाल्याची खूण. दिवे लख्ख असतील, तर दोष बहुधा दुसरीकडे आहे.

अशा वेळी दुसऱ्या बारा व्होल्टच्या गाडीची मदत घ्यावी. मोठ्या ट्रकला बहुधा चोवीस व्होल्ट असतात. ती जोडू नये. दोन्ही इंजिने बंद ठेवा, गाड्या एकमेकींना चिकटू देऊ नका. जाड तारा घ्या. घरातली बारीक वायर तापून जळेल. लाल तार आधी मेलेल्या बॅटरीच्या अधिक खुणेला, मग चांगल्या बॅटरीच्या अधिक खुणेला. काळी तार चांगल्या बॅटरीच्या उणे खुणेला, आणि तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. का दूर? बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. ठिणगी पडली तर स्फोट होतो. म्हणून तिथे बिडी-काडी नको. मग चांगली गाडी पाचेक मिनिटे चालवा आणि अडलेली सुरू करा. तारा उलट क्रमाने काढा. नंतर गाडी बराच वेळ चालू द्या, म्हणजे कणगी पुन्हा भरू लागेल.

धक्का वाईटच असे नाही. पण तो हाताने गिअर टाकायच्या गाडीलाच, सपाट किंवा उताराच्या वाटेवर, आणि पुढे कुणी नसताना. इंजिन बंद असते तेव्हा ब्रेक जड होतो, हे विसरू नका. शिवाय आजच्या गाड्यांत इंधनाचा पुरवठाही विजेवर चालतो. बॅटरी पार मेली असेल तर कितीही ढकला, उपयोग नाही.

२०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. प्रसंगी तो क्रमांक आधी लावावा. तरी दारातली गाडी तयार हवीच. बॅटरीत पाणी घालायचे असेल, तर विहिरीचे नको, डिस्टिल्ड पाणीच घाला. पांढरी भुकटी साचली तर ती साफ करा. ॲसिड अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने धुवा.

आणि गुरुजनहो, विद्युतघटाची आकृती फळ्यावर काढताच ना? एकदा मुलांना शाळेबाहेर उभ्या असलेल्या जीपपाशी न्या आणि बॉनेट उघडून खरी बॅटरी लांबूनच दाखवा. त्यातल्या एकाला जरी ती नीट उमगली, तरी एखाद्या रात्री त्या गावात धक्का मारणाऱ्या दहाजणांना "थांबा" म्हणणारे कुणीतरी असेल.