पोटातील पाण्याचा हिशेब
(पचनसंस्थेविषयीच्या आरोग्यशिक्षणपर भाषणाचा मजकूर)



हिवाळा लागला की खानदेशात भरताचे बेत सुरू होतात. शेताच्या बांधावर हिरवी, टपोरी वांगी काड्यांच्या जाळावर भाजली जातात, लाकडी पात्रात ठेचली जातात. त्यांत हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि कांद्याची पात पडते आणि सोबत कळण्याची भाकरी येते. जळगावच्या भरताच्या वांग्यांना आणि तेथील केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले, ही गोष्ट अनेकांना ठाऊक आहे. परंतु ताटातील हे अन्न घशाखाली उतरल्यानंतर त्याचे काय होते, याविषयी मात्र सुशिक्षितांतही बरेच अज्ञान आढळते. या अज्ञानाची किंमत मोठी माणसे सहसा देत नाहीत, ती लहान मुलांना द्यावी लागते. म्हणून आजच्या विषयाचा प्रारंभ पुस्तकातील आकृतीपासून न करता या ताटापासून केलेला बरा.

मुखापासून गुदद्वारापर्यंत गेलेली अन्नमार्गाची नळी प्रौढ मनुष्यात सुमारे आठ ते नऊ मीटर लांबीची असते. पचनाचा आरंभ मुखातच होतो. लाळेतील टायलिन नावाचे विकर पिष्टमय पदार्थांचे शर्करेत रूपांतर करू लागते. भाकरीचा कोरडा तुकडा पुष्कळ वेळ चावत राहिल्यास तो किंचित गोड लागतो, तो याचमुळे. पुढे सुमारे २५ सेंटिमीटर लांबीच्या अन्ननलिकेतून घास केवळ वजनाने खाली पडत नाही. नलिकेचे स्नायू पाठोपाठ आकुंचन पावून त्याला पुढे लोटतात. या हालचालीस क्रमसंकोच म्हणतात. तिच्यामुळेच आडवे पडलेल्या रुग्णालाही गिळता येते.

जठर ही एक स्नायुमय पिशवी होय. तिच्यात एक ते दीड लिटर अन्न सहज मावते. तेथे हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पेप्सिन यांच्या योगाने प्रथिनांचे विघटन सुरू होते आणि अन्न घुसळून त्याची पातळ लापशी बनते. साध्या जेवणास येथून बाहेर पडावयास दोन ते चार तास लागतात, स्निग्ध जेवणास त्याहून अधिक. वरण-बट्टीवर तुपाची धार सढळ हाताने पडली की दुपारी जी जडता येते, तिचे कारण असे की, स्निग्धांश आतड्यात पोहोचताच जठराला 'सावकाश सोड' असा संदेश मिळतो. पाहुण्यांना आग्रह करणाऱ्या यजमानांनी हे जाणून घेतल्यास पाहुण्यांवर उपकार होतील.

येथे तिखटाविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. खानदेशी रस्सा खाणाऱ्याला जठरव्रण होणारच, असा समज सर्वत्र प्रचलित आहे. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ च्या सुमारास जठरात राहणाऱ्या एका जंतूचा छडा लावला. बहुसंख्य जठरव्रणांचे मूळ हा जंतू असतो, हे त्यांच्या कार्यातून सिद्ध झाले आणि २००५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वेदनाशामक गोळ्यांचे दीर्घकाळ व अनिर्बंध सेवन हे व्रणाचे दुसरे मोठे कारण. मिरची जळजळ वाढवू शकते, ज्याला ती सोसत नाही त्याने ती टाळावी. परंतु सारा दोष तिच्या माथी मारून अंगदुखीच्या गोळ्या मात्र रोज घेत राहणे, यात शहाणपण नाही. तसेच व्यवहारात ज्याला 'पित्त उसळले' म्हणतात, ते बहुधा पित्त नसून जठरातील आम्ल असते. खरे पित्त कडू, हिरवट-पिवळे आणि अल्कधर्मी असते. ते यकृतात तयार होते. पित्ताशय हे केवळ त्याचे कोठार होय.

यानंतर येते लहान आतडे. पचनसंस्थेचे खरे कार्यक्षेत्र हेच. त्याच्या आरंभीच्या सुमारे २५ सेंटिमीटरच्या भागास ग्रहणी म्हणतात. यकृताकडून आलेले पित्त आणि स्वादुपिंडाचा रस तेथे अन्नात मिसळतात. पित्त स्निग्धांशाचे बारीक थेंब करते, तर स्वादुपिंडाचा रस पिष्ट, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ या तिन्हींवर काम करतो. कळण्याची भाकरी म्हणजे ज्वारी आणि अख्खे उडीद मीठ घालून एकत्र दळलेल्या पिठाची भाकरी. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हे आवश्यक द्रव्य कमी असते, उडदात ते भरपूर असते. उडदात जे उणे असते ते ज्वारी भरून काढते. आतड्यात या दोन्ही धान्यांच्या प्रथिनांचे विघटन होऊन ती मूलद्रव्ये एकाच वेळी रक्ताला मिळतात. हा मेळ खानदेशातील गृहिणींनी प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी घातला, हे येथे नमूद केले पाहिजे.

लहान आतड्याच्या आतील अस्तरावर मखमलीच्या तंतूंसारखे लक्षावधी रसांकुर असतात. प्रत्येकाची उंची जेमतेम एक मिलिमीटर असते. घड्या, रसांकुर आणि त्यांवरील अतिसूक्ष्म केस यांमुळे शोषणाचे क्षेत्र अनेक पटींनी वाढते. पूर्वीच्या पुस्तकांत हे क्षेत्र टेनिसच्या मैदानाएवढे सांगितले जात असे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडिश संशोधकांच्या मोजमापानुसार संपूर्ण अन्नमार्गाचे क्षेत्र तीस-पस्तीस चौरस मीटर, म्हणजे बॅडमिंटनच्या अर्ध्या मैदानाइतके भरते. तुलना लहान झाली, तरी आश्चर्य कमी होत नाही. या अस्तरावरील पेशी तीन ते पाच दिवसांत झडतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा उपयोग आहे.

आता पाण्याचा हिशेब. प्रौढ मनुष्य अन्नपाण्यावाटे दिवसाकाठी सुमारे दोन लिटर द्रव घेतो. परंतु लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचे स्वतःचे स्राव मिळून शरीर आणखी सुमारे सात लिटर द्रव याच नळीत ओतत असते. म्हणजे रोज नऊ लिटर पाणी लहान आतड्याच्या वाट्याला येते. त्यांपैकी बहुतांश ते स्वतःच परत शोषून घेते, उरलेले एक-दीड लिटर मोठ्या आतड्याकडे जाते आणि अखेरीस मलावाटे बाहेर पडते ते केवळ शंभर-दोनशे मिलिलिटर. इतका काटेकोर हिशेब क्वचितच कोठे ठेवला जात असेल.

मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब असते. वांग्यातील चोथा मनुष्याच्या पाचकरसांना पचत नाही. तो येथपर्यंत येतो आणि येथे वस्ती करून असलेले असंख्य जंतू तो आंबवतात. त्यातून निर्माण होणारी आम्ले आतड्याच्या अस्तराचे पोषण करतात आणि मीठ व पाणी शोषून घेण्यास त्याला मदत करतात.

हा हिशेब बिघडला म्हणजे अतिसार होतो. मे महिन्यात जळगाव-धुळ्याकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, विहिरी आटतात. मग जूनचा पहिला पाऊस गावातील घाण वाहून नेऊन पिण्याच्या पाण्यात मिसळतो. याच दिवसांत आई पेरणीला आणि निंदणीला जाते आणि मूल थोरल्या भावंडाच्या हाती असते. आठ किलो वजनाच्या बालकाच्या शरीरातून सातशे-आठशे मिलिलिटर पाणी गेले, तरी त्याच्या प्राणाशी गाठ पडते. मोठा माणूस एवढे पाणी उन्हात चालूनही गमावतो. अशा वेळी अनेक घरांत बाळाचे पाणी तोडले जाते, दूध बंद केले जाते. 'पोटाला विश्रांती द्यावी', 'पाणी दिले की जुलाब वाढतात', असे वडीलधारी मंडळी सांगतात. त्यांच्या हेतूविषयी शंका नाही. पण जे मूल आधीच सुकत चालले आहे, त्याचा पाण्याचा एकमेव मार्ग त्यामुळे बंद होतो.

पोटाचे कार्य समजून घेतल्यास ही चूक टाळता येते. कोलकात्याचे शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले की, पटकीचा जंतू एक विष सोडतो आणि त्या विषाने आतड्यात पाणी साचते. आतड्याच्या पेशी त्याने मरत नाहीत. त्यांचा पाणी बाहेर टाकणारा भाग अनावर होतो. परंतु पेशींवर साखर आणि मीठ यांना जोडीने आत घेणारे एक स्वतंत्र द्वार असते. जुलाबात इतर मार्ग अडले, तरी हे द्वार उघडेच राहते आणि साखर-मिठाच्या मागोमाग पाणीही आत ओढले जाते. नुसते पाणी दिल्याने किंवा नुसते मीठ दिल्याने हे साधत नाही; दोहोंची योग्य प्रमाणातील जोडीच उपयोगी पडते.

या तत्त्वाची मोठी कसोटी खानदेशापासून दूर, पश्चिम बंगालमध्ये लागली. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली. शिरेवाटे द्यावयाचा द्राव संपत आला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाण्यात विरघळवून ते रुग्णांच्या नातेवाइकांकरवीच पाजण्याची व्यवस्था केली. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांत चार टक्क्यांच्या खाली आले. महालनबीस २०२२ मध्ये निवर्तले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. या उपचारात डॉक्टरांची आज्ञा होती, हात मात्र आयांचे आणि भावांचे होते, हे विसरता कामा नये.

आरोग्य केंद्रात आणि आशा कार्यकर्तीकडे मिळणारी जलसंजीवनीची पुडी हे त्याच द्रावाचे सुधारलेले रूप होय. पुडीवर लिहिलेल्या प्रमाणातच ती पाण्यात विरघळवावी. एक लिटरची पुडी पेलाभर पाण्यात घालणे घातक आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या चोपडा, यावल, रावेर किंवा शिरपूर तालुक्यांतील एखाद्या पाड्यावर रात्रीच्या वेळी पुडी नसेल, तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ जास्त पडल्यास अपाय होतो; साखर जास्त पडल्यास ती आतड्यात उलट पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. बाटलीतील गोड शीतपेये याच कारणाने वर्ज्य समजावीत. केलेले पाणी चोवीस तासांनंतर फेकून द्यावे.

अंगावरचे दूध एक वेळही बंद करू नये. अस्तरावरील पेशी तीन-पाच दिवसांत नव्याने घडतात, असे मघाशी सांगितले. त्या घडण्यासाठी अन्न लागते, आणि उपाशी आतडे उशिरा सावरते. सहा महिन्यांवरील मुलाला मऊ भात, पातळ वरण, कुस्करलेले केळे द्यावे. जुलाबावाटे पोटॅशियमही जाते आणि शंभर ग्रॅम केळ्यात ते सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम असते. कच्च्या केळीचे महत्त्वही अलीकडे कळले आहे. ढाक्यातील रुग्णालयात चिवट अतिसाराच्या बालकांना शिजवलेली हिरवी केळी भाताबरोबर देऊन पाहण्यात आली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात जुलाब लवकर आटोक्यात आल्याचे दिसून आले. कच्च्या केळीतील न पचणारे पिष्ट मोठ्या आतड्यात पोहोचून वांग्याच्या चोथ्यासारखेच काम करते. रावेर-यावलच्या ज्या बागांतून केळीचे ट्रक देशभर जातात, त्या बागांच्या शेजारीच एखादे मूल जुलाबात उपाशी ठेवले जावे, हे खेदजनक होय.

जलसंजीवनीबरोबर जस्ताची गोळी चौदा दिवस द्यावयाची असते. सहा महिन्यांवरील मुलास रोज वीस मिलिग्रॅम आणि त्याहून लहान बाळास दहा. जुलाब थांबले म्हणून ती मध्येच सोडू नये. रोटाव्हायरसची लस २०१६ पासून राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात टप्प्याटप्प्याने समाविष्ट झाली आहे.

प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलास पन्नास ते शंभर आणि त्याहून मोठ्या मुलास शंभर ते दोनशे मिलिलिटर द्राव चमच्या-चमच्याने पाजावा. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून अधिक सावकाश पाजावा. मूल मलूल पडले, पिईनासे झाले, डोळे खोल गेले, मलातून रक्त पडले किंवा पोटावरची त्वचा चिमटीत धरून सोडली असता ती लगेच पूर्ववत न होता सावकाश बसू लागली, तर घरी वेळ न दवडता त्याला आरोग्य केंद्रात न्यावे आणि शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर वाटेतही पाजणे चालू ठेवावे.