अर्भकांचे प्राण आणि डॉक्टरांचे मत



महोत्सवाच्या आनंदात आम्ही आजारी अर्भकांचा विषय काढावा, हे काहींस विचित्र वाटेल. परंतु ज्या घरी पाळणा हलण्यापूर्वीच रिता झाला, असे घर कोणत्या धर्मग्रामात नाही?

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांस ७ ऑगस्ट १९६३ रोजी पुत्र झाला. तो साडेपाच आठवडे अगोदर जन्मला होता. वजन सुमारे २.१ किलो. तत्काळ बाप्तिस्मा देऊन त्याचे नाव पॅट्रिक ठेविले व त्यास बॉस्टनच्या बालरुग्णालयात नेले. फुप्फुसे उघडी ठेवणारा एक स्निग्ध पदार्थ असतो. तो अपुरा असल्याने ती दर श्वासासरशी मिटत. प्राणवायूच्या दाबपेटीत ठेवूनही सुमारे ३९ तासांनी ते मूल गेले. या उणिवेचा शोध डॉ. मेरी एलन एव्हरी व जेरी मीड यांनी १९५९ सालीच लाविला होता. पण तो पदार्थ बाहेरून घालून मुले वाचविल्याचे वृत्त जपानातून १९८० साली आले. आज तसे मूल बहुधा वाचते.

त्या काळी डॉक्टरांपुढे उपाय कोणता, एवढाच प्रश्न असे. यंत्रे आली आणि उपाय करावा की न करावा, हा दुसरा प्रश्न उभा राहिला. १९७३ साली येल येथील डफ व कॅम्पबेल या डॉक्टरांनी उघडपणे लिहिले की, त्यांच्या कक्षातील २९९ बालमृत्यूंपैकी ४३ मृत्यू उपचार थांबविल्याने अथवा न केल्याने झाले. त्यांची सर्व मते आम्हांस मान्य नाहीत. पण जे बंद दाराआड चालते ते त्यांनी बोलून दाखविले, हे बरे केले.

पोप बारावे पायस यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञ डॉक्टरांस सांगितले होते की, प्राणरक्षणासाठी साधारण उपाय करणे बंधनकारक आहे. स्वतःवर वा दुसऱ्यावर अतिशय भार टाकणारे असाधारण उपाय नव्हेत. म्हणून जे बालक मरणाच्याच वाटेवर आहे, त्याचे यंत्र काढण्यास ज्या मातापित्यांनी रडत रडत संमती दिली, त्यांनी आपण अपत्यघात केला असे मनास लावून घेऊ नये. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण असे दुःख माणसे वर्षानुवर्षे उरात बाळगतात.

परंतु १९८२ च्या एप्रिलात अमेरिकेतील ब्लूमिंग्टन गावी घडले ते निराळे. बालकाची अन्ननलिका जठरास जोडलेली नव्हती. शस्त्रक्रियेने हा दोष दूर होऊ शकत होता. परंतु त्यास डाउन सिंड्रोमही होता. प्रसूतीच्या डॉक्टरांनी भविष्याचे निराशाजनक चित्र रंगविले, मातापित्यांनी शस्त्रक्रिया नाकारली, न्यायालयाने ते मान्य केले. दत्तक घेण्यास लोक तयार असता, सहा दिवसांचे होऊन ते मूल अन्नपाण्यावाचून गेले. येथे रोग असाध्य नव्हता. मूलच नकोसे ठरले.

डॉक्टरांची मतेही देशपरत्वे बदलतात. युरोपातील दहा देशांच्या डॉक्टरांची पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली. हंगेरी, एस्टोनिया, लिथुआनिया व इटलीतील डॉक्टर सर्व प्रयत्नांनी जीव राखण्याकडे अधिक झुकलेले. ब्रिटन, नेदरलँड्स व स्वीडनमधील डॉक्टर पुढील आयुष्य कसे असेल याचा विचार करावा म्हणणारे. विद्या तीच, यंत्रे तीच, मत मात्र निराळे! तेव्हा डॉक्टरसाहेब "उपयोग नाही" म्हणाले, तर आदरपूर्वक विचारावे: उपायाचा उपयोग नाही, की या मुलाच्या जगण्याचा? पहिले उत्तर देणे त्यांच्या विद्येचे काम आहे. दुसरे त्यांच्या पुस्तकात नाही.

ब्लूमिंग्टनच्या प्रकरणानंतर अमेरिकेने १९८४ साली कायदा केला. त्यात निष्फळ उपचारांस सूट आहे. योग्य अन्न, पाणी व औषध यांस नाही. आपल्या मुंबईत शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उघडली. ज्यांस आईचे दूध पुरत नाही अशा अशक्त अर्भकांस तेथे दुसऱ्या मातांनी दिलेले दूध मिळते.