सातबारा नसलेल्यांचा माळ
(सोलापूर येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



सोलापूरहून बार्शीकडे जाताना नान्नज लागते. तेथील माळ वाटसरूला उजाड वाटतो आणि सरकारी दप्तरही अशा जमिनीला पडीक म्हणते. परंतु काळवीट, लांडगा व खोकड याच माळावर जगतात, धनगरांची मेंढरे याच गवतावर पोसतात. ज्या माळढोकामुळे नान्नजचे नाव देशभर झाले, त्याचे दर्शन मात्र आज अत्यंत दुर्मिळ झाले आहे.

१९७९ साली सोलापूर व तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतील ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर झाले. त्यात पिकाऊ शेते, गावठाणे, शहरी वस्त्याही आल्या. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने पडली आणि पक्ष्याविषयी आपुलकीऐवजी अढी निर्माण झाली. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. लोकांची तक्रार खरीच होती. पण आता जे उरले आहे, त्याची राखण अधिक कसोशीने व्हायला हवी.

नव्या रस्त्याची आखणी करताना स्वस्त जमीन आणि विरळ वस्ती शोधली जाते. बागायतीला मोबदला द्यावा लागतो. गायरानावर चारणाऱ्याला काहीच द्यावे लागत नाही. म्हणून खर्चाच्या तक्त्यात माळाची किंमत जवळजवळ शून्य ठरते. अर्थशास्त्राचा प्राथमिक नियम येथे विसरला जातो: बाजारात भाव नसणे म्हणजे मूल्य नसणे नव्हे.

शिवाय रस्ता एकटा येत नाही. त्याच्यामागून ढाबे, भूखंड, भटकी कुत्री आणि विजेच्या तारा येतात. माळढोक उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. तो वजनाने भारी, त्याची समोरची नजर कमजोर. तार दिसेपर्यंत वळणे त्याला जमत नाही. देशात हे पक्षी आता दीडशेच्या आसपास उरले असून बहुतेक राजस्थानात आहेत. तेथील व गुजरातेतील तारा जमिनीखाली नेण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला, तो २०२४ मध्ये सौम्य करावा लागला. अधिवास एकदा तुटला की दुरुस्ती किती महाग पडते, याचा हा धडा आहे.

रस्त्याला विरोध हे आपले धोरण असू शकत नाही. शेतमालाला बाजार हवा, आजाऱ्याला दवाखाना गाठता यायला हवा. आपली मागणी एवढीच असावी की, माळ फोडण्याआधी जुने रस्ते सुधारावेत. पर्यायी आखण्यांचा खर्च ग्रामसभेपुढे ठेवावा. आणि त्या खर्चात गेलेले गवत व मेंढपाळाचे नुकसान धरावे.

सुरत–चेन्नई महामार्गाच्या वेळी बार्शी व अक्कलकोटचे शेतकरी मोबदल्यासाठी झगडले, ते रास्तच होते. त्यांच्या हाती सातबारा होता. धनगराकडे तो नाही, माळढोकाकडे तर नाहीच. ज्यांच्या नावावर जमीन नाही, त्यांच्या बाजूने उभे राहणे हेच तर समाजवाद्यांचे काम आहे.