गाडी कधी तापते?

आमच्या सिहोऱ्याला मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की माणूस, बैल आणि यंत्र, तिघेही सावली शोधतात. त्यामुळे एखादी गाडी तापून उभी राहिली, तर कुणी कारण विचारत नाही. ‘ऊनच तेवढं आहे’ म्हणायचे आणि बादली शोधायची. मीही अनेक वर्षे हेच केले. मी कविता लिहिणारा, बी.ए. झालेला माणूस. यंत्राशी माझा संबंध अब्बांच्या जीपपुरता.

ती जुनी विलीज जीप. महिंद्रांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत या जीप जुळवायला सुरुवात केली. आमची पेट्रोलवर चालायची. पुढे पेट्रोल परवडेना, तेव्हा अब्बांनी तिच्यात जुने डिझेल इंजिन बसवून घेतले. तेव्हा अनेकांनी तसे केले होते. अमेरिकेतल्या तरुणांनीही जुन्या मोटारींत दमदार इंजिने टाकली. अशा गाडीला तिकडे ‘हॉट रॉड’ म्हणतात. त्यांचे आवडते इंजिन म्हणजे फोर्डचे 1932 चे आठ सिलिंडरचे. त्यात जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या वाटा ब्लॉकमधूनच, पाण्याच्या शेजारून जात. त्यामुळे ते तापण्याबद्दल प्रसिद्ध होते. तेव्हा हे दुखणे एकट्या सिहोऱ्याचे नाही.

2009 च्या मे महिन्यातली गोष्ट. शेजारच्या सुनेला रात्री कळा सुरू झाल्या. 108 ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात आली 2014 मध्ये. तेव्हा मोहल्ल्यात वाहन म्हणजे आमची जीप. तुमसरच्या वाटेवर मी वेग वाढवला आणि थोड्याच वेळात बॉनेटमधून वाफ उसळली. गाडी उभी. मागे ती पोर कण्हत होती, तिची सासू अल्लाचे नाव घेत होती, आणि मी हातात टॉर्च घेऊन नुसता उभा होतो. अर्ध्या तासाने एक ट्रक थांबला. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली, पण तो अर्धा तास माझ्या अंगावरून उतरला नाही.

गाडी भंगारात द्यायची, असे ठरवले. अम्मी एवढेच म्हणाली, “तुझ्या अब्बांनी ती लोकांसाठीच ठेवली होती, बेटा.” मग दुरुस्तीला निघालो. एकाने थर्मोस्टॅट काढून फेकला. दुसऱ्याने पंखा बदलला. तिसऱ्याने झाकण बदलले. पैसे गेले, वाफ तशीच.

शेवटी तुमसरला रेडिएटरचे काम करणारे एक म्हातारे कारागीर भेटले. त्यांनी पान्याला हात लावला नाही. आधी विचारले, “गाडी कधी तापते जी? उभी असताना, का पळताना?”

मला हे कुणी विचारलेच नव्हते. मी म्हणालो, “पळताना, भरलेली असली की. त्या दिवशी तर रात्रीच तापली.”

“मग उन्हाचा काय गुन्हा?” ते हसले.

त्यांचा हिशेब सरळ होता. उभी असताना किंवा हळू चालताना तापली, तर हवेचा दोष: पंखा, त्याचा पट्टा, पंख्याभोवतीचा पत्रा. वेगात हवा आपोआप मिळते; तेव्हा तापली तर आधी पाण्याचा दोष पाहावा. पाणी फिरत नाही किंवा रेडिएटर तुंबला आहे. त्यांनी इंजिन गरम होऊ दिले आणि रेस वाढवली. रेडिएटरच्या खालची रबरी नळी माझ्या डोळ्यांदेखत आत चेपली. पंप पाणी ओढत होता आणि नळी आपलाच गळा दाबत होती. आतली आधाराची स्प्रिंग गंजून गेली होती. रेडिएटरही बोअरच्या पाण्याच्या क्षारांनी निम्मा बुजला होता. शिवाय तो मूळ इंजिनाच्या मापाचा. इंजिन बदलले होते, पण त्याला थंड ठेवणारी व्यवस्था कुणी बदललीच नव्हती.

त्यांनी नवी नळी टाकली, रेडिएटरला जाड कोर बसवला, थर्मोस्टॅट परत लावला. तो नसला तर थंडीत इंजिन लवकर गरम होत नाही आणि झीज वाढते. नवे इंजिन बसवताना पंखा रेडिएटरपासून लांब गेला होता, म्हणून भोवती पत्र्याचे कडे केले. बोअरच्या पाण्याऐवजी शुद्ध पाणी आणि कूलंट. तिसऱ्याने बसवलेले झाकण मात्र योग्य होते. सात पौंडांचे झाकण नीट धरले, तर साधे पाणी 100 ऐवजी साधारण 111 अंशांवर उकळते. म्हणूनच तापलेल्या गाडीचे झाकण उघडू नये. दाब सुटताच उकळते पाणी तोंडावर येते. अब्बांच्या मनगटावर तसला डाग होता. तापल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नये, ब्लॉक तडकतो.

पुढच्या मे महिन्यात भरल्या गाडीने चांदपूरचा तलाव गाठला, परत आलो. काटा मधल्या रेघेवरून हलला नाही. त्या फेरीत ती शेजारीण मागे बसली होती, मांडीवर वर्षाचे मूल घेऊन. उतरताना ती म्हणाली, “भाईजान, आज कुठे थांबलो नाही.”

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)