शिकवणीला हरलेला डाव न्यावा
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



बुद्धिबळाच्या शिकवणीविषयी मी चार शब्द बोलावेत अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली, तेव्हा मला हसूच आले. सोंगट्या कशा चालतात, एवढेच माझे ज्ञान. पण नातीला तीन वर्षे शिकवणीला नेता-आणताना माझ्या हातून एक चूक झाली. ती तुमच्या हातून होऊ नये, म्हणून उभी राहिले आहे.

आपल्या मुलींना हा खेळ नवा नाही. 1974 साली पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली. 2025 च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक मिळवला, तेव्हा आमच्या घरीही पेढे आले. पेढे खाताना चषक दिसतो. त्यामागचे हरलेले डाव कोणाला दिसतात?

नात स्पर्धेहून आली की माझा पहिला प्रश्न, "जिंकलीस का?" हरलेली असली तर मी काही बोलत नसे, पण माझा चेहरा बोलत असे. "एवढी फी भरतो आपण," हेही एकदा तोंडून गेले.

एके दिवशी तिच्या शिक्षकांनी मला थांबवले. म्हणाले, "आजी, ही नेहमी जिंकलेलेच डाव दाखवते. हरलेले कुठे आहेत?" घरी येऊन पाहते तो, दप्तराच्या तळाशी खेळ्या लिहिलेले अकरा कागद घड्या घालून ठेवलेले! वैद्याकडे जायचे आणि दुखणे लपवायचे, त्यातली गत. आणि लपवायला शिकवले कोणी? मीच.

त्यांतला एक डाव शिक्षकांनी पटावर मांडला. हिचा एकटा राजा उरलेला. त्याच्या तोंडाशी पांढऱ्याचे सहाव्या रांगेतले प्यादे, आणि प्याद्याच्या पाठीशी पांढरा राजा. हिने राजा सरळ एक घर मागे घेतला असता, तर डाव बरोबरीत सुटला असता. हिने तो तिरका घेतला आणि प्याद्याचा वजीर झाला. शिक्षकांनी लगेच उत्तर सांगितले नाही. "तेव्हा तुझ्या मनात काय होते?" एवढेच विचारले. ती म्हणाली, "आता हरणारच, आजी नाराज होणार, असं वाटलं. मग पटकन हात चालवला."

भगिनींनो, माझी मान खाली गेली.

तेव्हापासून आम्ही काही नेम पाळतो. शिकवणीला आधी हरलेला डाव न्यायचा. जिथे अडले, तिथे आपण काय योजले होते ते कागदाच्या कडेला स्वतःच्या शब्दांत लिहायचे. हे सारे संगणकाला विचारण्यापूर्वी! संगणक उत्तम खेळी क्षणात दाखवतो. पण आपण का चुकलो, हे त्याला कसे कळावे? ते शिक्षक ओळखतात, मात्र आपण मन उघडे केले तरच. दर खेपेला आपला एक तरी प्रश्न न्यायचा. सांगितलेली कोडी सोंगट्या न हलवता, मनातल्या मनात सोडवायची. आणि महिनाभरात शिक्षक बदलायची घाई करायची नाही. लोणचेसुद्धा मुरायला वेळ घेते.

आपल्यासारख्या वडीलधाऱ्यांसाठी नेम एकच. "जिंकलीस का?" असे न विचारता "आज काय सापडले?" असे विचारावे.

गेल्या महिन्यात नात पुन्हा हरली. दारातच तिने कागद माझ्या हाती दिला आणि म्हणाली, "आजी, हा सरांना दाखवायचा आहे. सांभाळून ठेव." तो कागद मी देवघरातल्या फडताळात ठेवला. चषक येईल तेव्हा येवो. मला त्या दिवशी पुष्कळ मिळाले.