बूच लावण्याआधी

सोडावॉटरचा जन्म बिअरच्या पिंपावर झाला असं सांगितलं, तर आपल्यापैकी अनेकांना ते खरं वाटणार नाही. ज्या घरांत दारूचं नावही काढत नाहीत, तिथेही पोट गच्च झालं की सोडा मागवला जातो. माझं घर त्यातलंच. पण गोष्ट खरी आहे. इंग्लंडात लीड्स गावी जोसेफ प्रीस्टली नावाचे एक धर्मोपदेशक राहत होते आणि त्यांच्या शेजारी बिअरचा कारखाना होता. १७६७ च्या सुमाराला त्यांच्या ध्यानात आलं, की आंबत असलेल्या पिंपावर एक जड वायू साचून राहतो. त्यात पेटती ढलपी धरली की विझते. त्या वायूत त्यांनी पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतून पाहिलं, तर ते पाणी जिभेला चुरचुरू लागलं. १७७२ साली त्यांनी ही कृती छापून प्रसिद्ध केली. अकरा वर्षांनी, १७८३ साली, जिनिव्हात श्वेप नावाच्या घड्याळाच्या कारागिरानं तिचा धंदा केला. १८७२ च्या सुमारास हायरम कॉड या इंग्रजानं गोळीची बाटली काढली. पुण्यात अर्देशिर यांचा सोडा १८८४ पासूनचा. आणि ती गोळीची बाटली आमच्या गुहागर तालुक्यात, वेळणेश्वराच्या महाशिवरात्रीच्या जत्रेपर्यंत येऊन पोहोचली.

मी मराठी घेऊन बी.ए. झालो. रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेपुरता. तरी या विषयावर बोलतोय, त्याला कारण माझ्या मित्राचा मुलगा. मित्राचं घर वेळणेश्वराला, माझं शृंगारतळीला. मुलगा गेली काही वर्षं इंग्लंडात नोकरी करतो आणि तिथे हौसेनं घरच्या घरी बिअर करतो. तिकडे १९६३ पासून घरच्या वापरासाठी बिअर करायला परवाना लागत नाही. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदीचा कायदा आहे, विनापरवाना असला उद्योग हा गुन्हा. हे त्याला ठाऊक होतं. मे महिन्यात सुट्टीवर आला तेव्हा मला म्हणाला, “काका, इथे मी बिअर करणार नाही. पण कशी करतात ते तुम्हाला सांगतो.” पिणं मला वर्ज्य आहे, ऐकणं नाही. मी ऐकलं.

त्याचं म्हणणं असं, की नवशिक्याला वाटतं बिअर शिजवणं कठीण. ते तसं नाही. कठीण आहे ते बाटलीत भरणं. यीस्ट साखर खातं आणि दोन गोष्टी देतं, मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड. पिंपात आंबताना हा वायू निघून जातो, म्हणून तयार बिअर शिळ्या चहासारखी मिळमिळीत लागते. मग बाटलीत भरताना तिच्यात मोजून थोडी साखर घालायची आणि घट्ट बूच मारायचं. उरलंसुरलं यीस्ट ती साखर खातं, आणि आता वायूला वाट नसल्यामुळे तो बिअरमध्येच विरघळतो. साखर किती? लिटरला साधारण सहा ग्रॅम. म्हणजे आपल्याकडच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीला चहाचा एक सपाट चमचा, तोही जेमतेम. एवढ्याशा साखरेनं बाटलीत मोटारसायकलच्या चाकातल्या हवेइतका दाब तयार होतो! दर लिटरला चार ग्रॅम साखर म्हणजे त्या पेयाच्या आकारमानाइतका वायू. त्यामुळे मोजण्यात ‘अंदाजपंचे’ चालत नाही.

आणि साखर मोजण्याच्याही आधीचा प्रश्न आहे, तो म्हणजे पहिलं आंबणं खरोखर संपलं आहे का? बुडबुडे थांबले म्हणजे संपलं, असं नव्हे. दूध तपासायला लॅक्टोमीटर असतो ना, त्याचाच भाऊ हायड्रोमीटर. तो पिंपातल्या बिअरमध्ये तरंगत सोडायचा आणि आकडा टिपायचा. दोनतीन दिवस सलग तोच आकडा आला, तर यीस्टचं जेवण झालं समजायचं. आकडा रोज उतरतो आहे आणि तुम्ही घाईनं बूच मारलंत, तर आत शिल्लक राहिलेली साखर तुमच्या मोजलेल्या साखरेत भर घालते. मग कधीतरी मध्यरात्री बाटली फुटते. कवितेतही शेवटची ओळ लवकर सुचली की असंच काहीसं होतं, फक्त तिथे काच उडत नाही.

काच उडते म्हणजे काय, ते मी पाहिलेलं आहे. आमच्या बाजारात माझ्या लहानपणी एक सोडावाले होते. गोळीच्या बाटल्या लोखंडी पेटीत बसवायच्या, सिलिंडरचा वायू सोडायचा आणि चाक फिरवून पेटी उलटीपालटी करायची. बाटली उलटी झाली की गोळी तोंडाशी येते आणि आतला वायूच तिला रबराच्या कड्यावर दाबून धरतो. किती साधी युक्ती! बूच नको, झाकण नको. पण जुन्या बाटलीला बारीकशी चीर असली तर ती दिसत नाही. त्या सोडावाल्यांचा डावा डोळा अशाच एका बाटलीनं घेतला होता. ते पेटीवर कायम ओलं गोणपाट टाकत. आम्ही पोरं जवळ गेलो की आधी ओरडत, मग सोडा देत.

तर मित्राच्या मुलानं बिअर केली नाही, पण हात शिवशिवत होते. त्यानं आल्याचं फेसाळ पेय केलं. आलं, लिंबू, साखर, चिमूटभर यीस्ट. बारा बिअरच्या बाटल्या धुऊन घेतल्या, इंग्लंडहून आणलेल्या हातयंत्रानं पत्र्याची बुचं मारली. आणि एक प्लॅस्टिकची कोल्ड्रिंकची बाटलीही त्याच पेयानं भरली. हे शहाणपण त्याला तिकडे कुणी शिकवलं होतं. काचेच्या आत काय चाललंय ते कळत नाही, प्लॅस्टिक मात्र दाबून बघता येतं. दुकानातल्या बंद बाटलीसारखी टणक लागली, की आत पुरेसा वायू झाला.

मी तिसऱ्या दिवशी गेलो. पडवीत बाटल्या ओळीनं उभ्या. पलीकडे त्याच्या बहिणीची दोन लहान मुलं पत्ते खेळत होती. मी सहज ती प्लॅस्टिकची बाटली उचलली, तर दगड! तिचं बूडही फुगून आलं होतं, धड उभी राहीना. मी म्हटलं, “अरे, ही किती दिवसांची कृती?” तो म्हणाला, “तिकडे आठवडा लागतो, काका.” तिकडे म्हणजे जिथे खोलीत अठरावीस अंश असतात तिथे. वेळणेश्वराच्या पडवीत मे महिन्यात बत्तीस. उबेत यीस्ट दुप्पट उत्साहानं कामाला लागतं. शिवाय इथे साखर बिअरसारखी मोजकी सहा ग्रॅम नव्हती. पेय गोड हवं म्हणून लिटरला शंभर ग्रॅम. त्यातली थोडीच आंबवून बाकीची थंडीनं थांबवायची, असा त्याचा बेत. पण फ्रिज आजीच्या आंब्याच्या रसानं भरलेला, आणि आदल्या रात्रीपासून वीज नव्हती.

मुलांना आधी मागच्या दारानं बाहेर काढलं. बाटल्यांवर ओली गोणपाटं टाकली. उचलायच्या तर नव्हत्याच, आधी थंड करायच्या होत्या. वायू थंड पाण्यात जास्त विरघळतो, त्यामुळे दाब उतरतो आणि यीस्टही झोपतं. बर्फ कुठून आणायचा? किनाऱ्यावर बर्फ मिळतो तो मासळीचा. मित्राचं घर शाकाहारी, आजींचं सोवळं कडक. मी आजींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, “आणा. पण तो बर्फ माझ्या न्हाणीघरात यायचा नाही.” मग मासळीच्या बर्फाच्या दोन लाद्या फोडून पडवीतच गोणपाटावर पसरल्या. बर्फ आणेपर्यंत एक बाटली फुटलीच. गोणपाटाखाली दबका आवाज झाला आणि एक काच गोणपाट फाडून खांबात जाऊन रुतली. खांब मुलांच्या बसायच्या जागेपासून तीन हातांवर.

दोन तास कुणी पडवीत पाऊल टाकलं नाही. संध्याकाळी त्या मुलानं डोक्याला हेल्मेट, अंगात रेनकोट, हातात कातडी मोजे घातले आणि एकेक बाटली खळ्यात नेऊन, जाड फडक्यात गुंडाळून, बूच किंचित किंचित सैल करत उघडली. फेस माडाच्या बुंध्यावर उडत होता. अकराही सुखरूप उघडल्या.

आमच्या कोकणातली माडीही माडावरच्या मडक्यातच आंबायला लागते. लहानपणी पाहिलं आहे, बाटलीतून नेणारे तिचं तोंड घट्ट बंद करत नसत. हायड्रोमीटर नव्हता, पण वायूला वाट ठेवायची हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

कुणा श्रोत्याला घरी फसफसतं काही करायचंच असेल, तर मी नवशिक्याला यीस्टच्या वाटेला न जाण्याचंच सांगेन. यीस्ट आलं की थोडा का होईना, मद्यार्कही आला. ज्यांना तो चालत नाही त्यांनी हेही ध्यानात ठेवावं. साध्या सोड्यात वायू बाहेरून भरलेला असतो, बाटलीत तो आपणहून वाढत नाही. पेल्यात आधी कोकमाचं आगळ, साखरेचा पाक आणि जिरेपूड घ्यावी, मग गारेगार सोडा पेल्याच्या कडेनं हळूहळू सोडावा. उलटं केलंत, म्हणजे सोड्यात वरून जिरेपूड टाकलीत, तर त्या कणाकणावर बुडबुडे धरतात आणि अर्धा पेला टेबलावर येतो. मित्राचा मुलगा निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही असंच कोकम प्यालो. आजींनीही घेतलं. “याचं काही फुटत नाही ना?” एवढं मात्र त्यांनी दोनदा विचारलं.