हृदयाच्या दोन जवनिका, दोन हिशेब

दुबई, शारजा, अबू धाबी, जिथून ऐकत असाल तिथे आज पाच मिनिटं हृदयासाठी द्या.

हृदयाचे चार कप्पे शाळेत आपण सगळ्यांनीच काढलेत. खालचे दोन म्हणजे जवनिका. विश्रांतीत दोघीही मिनिटाला साधारण 5 लिटर रक्त पुढे ढकलतात. पण उजवीला ते शेजारच्या फुप्फुसांतच पाठवायचं असतं, तिथे 25 च्या आसपास दाब पुरतो. डावीला ते सगळ्या अंगभर पोचवायचं, म्हणून 120 लागतो. एक पंप तळमजल्याच्या नळाचा, दुसरा गच्चीवरच्या टाकीचा म्हणा ना! म्हणूनच डावीची भिंत जवळजवळ 1 सेंटिमीटर जाड, तर उजवीची त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा.

इंधन दोघींचं एकच: मुख्यतः चरबी, जोडीला साखर. खर्च मात्र वेगळा. डावी जवनिका तुम्ही सोफ्यावर बसलेले असतानाही तिच्याकडे आलेल्या रक्तातला 70 ते 75 टक्के ऑक्सिजन वापरून टाकते. तिचं हातावर पोट! जिना चढताना तिला जास्त रक्तच हवं. रक्तवाहिनी अरुंद असेल तर छाती भरून येते. उजवी साधारण निम्माच ऑक्सिजन घेते, गाठीला शिल्लक ठेवते.

ही शिल्लक संपते कधी? फुप्फुसांतला दाब वाढला की. वर्षानुवर्षांची सिगारेट, जुना दमा-खोकला, झोपेत श्वास अडकवणारं घोरणं, फुप्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी, ही त्याची कारणं. मग उजवीच्या पेशी चरबी जाळणं कमी करतात आणि ऑक्सिजनशिवाय साखर मोडू लागतात. ऑक्सिजन असताना साखरेच्या एका रेणूतून ऊर्जेची तीसेक नाणी मिळतात. त्याच्याशिवाय फक्त 2. अशा मिळकतीवर संसार किती दिवस चालणार?

डिसेंबर 2017 मध्ये अबू धाबीच्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये या देशातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण झालं. अशा शस्त्रक्रियेआधी डॉक्टर रुग्णाच्या फुप्फुसांतला दाब आवर्जून मोजतात. तो फार असेल, तर नव्या हृदयाची उजवी जवनिकाच आधी थकते.

तेव्हा दोन गोष्टी लक्षात ठेवा. घोट्यांना सूज, थोडं चालून धाप, पोट जड, हे सगळं ‘एसीत बसून होतं’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. आणि छातीत दुखणाऱ्याला बाबांच्या डबीतली जिभेखालची गोळी आपल्या मनाने देऊ नका. झटका उजव्या बाजूचा असेल, तर त्या गोळीने हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि रक्तदाब एकदम कोसळू शकतो. आधी 998 लावा, रुग्णवाहिका बोलवा.

हा नंबर आज घरातल्या प्रत्येकाच्या, आजी-आजोबांच्याही फोनमध्ये घाला. काळजी घ्या, भेटू पुढच्या भागात!